चंद्रकळेचं टोक

अवो, तुमच्या थोरल्या भावाचा बबन ब्लेडचं पातं घिऊन दुकानाच्या उंबऱ्यावर बसलाय. उद्या तुमचा तेरावा. उद्याच्याला भिंतीवर तुमचा फोटू पायजे, त्येला हार पायजे, असं समद्यांचं म्हननं. साऱ्या पंचक्रोशीची मयतं ज्यानं काचंत बसवली, त्येचाच फोटू न्हाई म्हनल्यावर लोक हसतील म्हनत्यात. हसू देत. पर फोटू येकच हाय, आन त्यो कापायचा का न्हाई ते मला ठरवायचंय. मी बबनला म्हनलं, थांब जरा, तुझ्या काकाला इचारते. त्यो माझ्या तोंडाकडं बगतच ऱ्हायला. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटलं आसंल त्येला. वाटू दे.

म्हनून पुठ्ठा घिऊन बसले. अक्षर तुमीच शिकवलं मला, फरेमीच्या पाठीवर गिऱ्हाइकाचं नाव आन गाव लिवाया. थेरगाव, काळेवाडी, कुरुळी, एवढं मला झोकात येतं. बाकीचं वाकडंतिकडं. तुमीच वाचनार, तवा चालंल. आन पुठ्ठा आता लई हाय. तुमी कापून ठिवलेला गठ्ठा तसाच कोपऱ्यात हाय. त्येच्यावर बसवायचं काय ऱ्हायलं न्हाई.

खिळा पायात गेला तवा मी म्हनलं, हळद भरा, फडकं बांधा. तुमी म्हनला, "खिळ्यातच जलम गेला माझा. खिळा काय मला नवा हाय व्हय?" जुन्या फरेमीतनं उपसून भुईवर टाकलेला गंजका खिळा. तुमी दुसऱ्या दिशी काच कापाया बसला, मी भाकरी थापाया बसले. मग येक दिस सकाळी घास तोंडाशी नेला, तर तोंड उघडंना. तुमी माझ्याकडं बगितलं. मला वाटलं, भाकरी करपली म्हनून रुसला.

पुन्याच्या दवाखान्यात नेलं. टेशनापत्तूर गाडीत घालून, मग रेल्वेनं. डाक्टर म्हनला, उशीर झाला आजी. म्हनला, ह्यांना अंधारात ठिवाया लागंल, उजेड सोसत न्हाई, भांडं जरी पडलं तरी आंग कमानीगत वाकंल. त्यांनी खिडकीला काळी चादर लावली. त्या अंधारात मी तुमचा हात धरून बसले. तुमी दातातल्या दातात कायतरी बोलत व्हता. शबूद न्हवता, नुसता आवाज. मी व्हय व्हय म्हनत ऱ्हायले. कशाला व्हय म्हनले ते मला अजून ठावं न्हाई. आता ते तुमालाच ठावं.

मग दार उघडलं आन उजेड आला, तवा तुमचं तोंड दिसलं. दात इचकलेलं, हसल्यागत. हसनं न्हवतं ते. तुमी जलमात कवा दात दावून हसला न्हाई. मिशीतल्या मिशीत हसनारा मानूस. आता मी डोळं मिटलं की तेच तोंड येतं. दुसरं आनाया जाते, जत्रंतलं, जेवतानाचं, काचंवर वाकलेलं, तर त्येच्यावर हेच येऊन बसतं. रोज बगितलेलं तोंड, पर मला सापडंना. म्हनून फोटू पायजे व्हता. लोकांसाठी न्हवं. मला.

आन त्यो न्हाई. का न्हाई, त्येच्यावरनं आपुन सारा जलम भांडलो.

आपल्या दुकानात दोनच परकारची तोंडं यायची, देवाची आन मेलेल्याची. लक्षुमीचं चित्तर आलं की समजायचं कुनीतरी घर बांधलंय. मानसाचा फोटू आला की समजायचं कुनीतरी गेलंय. जित्या मानसाला कोन काचंत घालतंय? मयताचा फोटू घिऊन लोक यायचे, तवा तुमी हातातलं काम बाजूला सारायचे. त्यांना बसाया गोनपाट द्यायचे. चिकटवायचा सरस गरम कराया मला सांगायचे, आन काच बसवायच्या आदी धोतराच्या सोग्यानं त्या फोटूचं तोंड हळूच पुसायचे, लेकराचं पुसावं तसं. मी चुलीपासनं बगायचे.

मी लगीन होऊन आले, त्या वरसाला जत्रंत फोटूवाला आला व्हता. मागं रंगवलेला पडदा, बागेचा. नवराबायको खुर्चीवर बसायचे आन ह्यो काळ्या फडक्यात डोकं घालायचा. मी म्हनलं, आपुन बसू की. तुमी म्हनला, "आदी चौकट करू, मग फोटू." जगाच्या उलटी तुमची रीत. तुमी सागाची पट्टी आनली, कोन जुळवलं, रंग दिला, आन वाळाया अंगनातल्या खुंटीला लावली. नुसती चौकट, मधी काय न्हाई. त्यातनं पलीकडची भिंत दिसायची. मग माझं पहिलं पोर आलं आन गेलं. जत्रा बी गेली. चौकट खुंटीलाच ऱ्हायली.

घट बसायच्या आदल्या दिशी मी जळमटं काढत व्हते. अंगनात आले तर तुमी चौकटीपुढं उभं.

"गोदे, केरसुनी खाली ठेव."

"का?"

"हिकडं ये. हळू ये. श्वास सोडू नगं."

चौकटीच्या चारी कडांना धागं ताणून मधी कोळनीनं जाळं केलं व्हतं. गोल, चाकागत. ऊन आरपार. कोळीन मधी डोकं खाली करून बसलेली, पाटावर बसावं तशी.

मी म्हनलं, "ही आपल्या जोडीची फरेम हाय."

तुमी म्हनला, "व्हय. पर आता हितं हीच बसली."

दुसरा नवरा आसता तर माझ्या कानाखाली वाजवून चौकट साफ कराया लावली आसती. तुमी गवताच्या काडीनं कोळनीला उचलून तुळशीवर सोडलं. शंखजिऱ्याची पूड मलमलीच्या फडक्यात बांधून जाळ्यावर झटकली. धागा अन् धागा पांढरा झाला. मग काळ्या कागदाला डिंकाचं पानी लावून मागनं हळूच टेकवला, आन जाळं त्येच्यावर आलं, जसंच्या तसं. वरनं काच. तिनं टाकलेली कात खुंटीला लोंबत व्हती, ती मधी चिकटवली, म्हंजे बगनाऱ्याला वाटावं की हाय. मारल्याली कोळीन तुमी कवा बसवली न्हाई. म्हनायचे, "मेल्यालं हितं लई येतं."

ती फरेम तुमी दुकानात लावली, मारुती आन लक्षुमीच्या मधी. आन मग नादच लागला. भिंती भरल्या. देव खाली उतरलं, कोळी वर चढलं. आपल्या घरात तुमी मला जळमटं काढू द्यायचे, पर दुकानाच्या कोपऱ्याला केरसुनी लावायची न्हाई असा हुकूम. पानी भराया गेलं की शेजारची पारू समद्यांपुढं म्हनायची, "गोदाबाई, आमच्यात फुकटची जळमटं हायेत, न्या की काचंत घालाया! निदान आमचं घर तरी झाडून व्हईल." बाया हसायच्या. मी बी हसायचे. घरी येऊन तुमच्यापुढं कळशी आपटायचे.

येकदा औषधाच्या कंपनीतला साहेब आला, येक फरेम त्येला लई आवडली, बंगल्यात लावाया घिऊन गेला. तुमी त्या दिशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अमावस्येला त्येची म्हातारी आई टांग्यातनं आली. फरेम टावेलात गुंडाळलेली, हात न लावता आनलेली.

"अहो फ्रेमवाले, आमच्या सूनबाईंना आधीच घर झाडायचा कंटाळा. त्यात तुम्ही तिला जळमट विकत दिलंत!"

"आजी, ह्ये झाडाया लागत न्हाई. वरनं फडकं मारलं की झालं."

ती म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी पानी दिलं. पानी प्याली, फरेम ठिवली आन गेली. तुमी ती परत खिळ्याला लावली आन लांबनं बगत ऱ्हायला. मी काय बोलले न्हाई त्या दिशी. बोलाया पायजे व्हतं कायतरी, चांगलं. सुचलं न्हाई.

मला राग येत व्हता, खोटं कशाला बोलू. नदीच्या कडंला कंपनीच्या इमारती उठत व्हत्या. तिथं मी घमेली वाहिली. डोक्यावर इटा, पायाखाली फळी, फळीखाली काय न्हाई. तुमी पहाटंचं दव पडलेलं जाळं बगाया बाभळीतनं हिंडत व्हता. माझी तीन पोरं मातीत गेली, येकाचा बी फोटू न्हाई. त्यांच्या येळंला फोटू कुठला. घमेलं उतरवून घरी यायचे आन भिंतीकडं बगायचे. म्हनायचे, "हिचं पोट भरतंय तिच्या जाळ्यावर. आपलं कवा भरनार?" मग जेवनं झाली की तुमी माझा हात वढून दिव्याजवळ न्यायचे. जाळ्याचा तुटका धागा उचलायचा तुमचा बारीक चिमटा, त्येनं माझ्या तळहातातली फळीची कुसळं काढायचे. येक येक. येवढं हळू की मला झोप लागायची. सकाळी उठले की परत राग. तळहात मऊ आन राग तसाच.

आन जोडीच्या फोटूचं मी सोडलं न्हाई. दर वरसाला जत्रा आली की येकदा इषय काढायचेच. तुमी टाळायचे. काच न्हाई, ऊन न्हाई, फोटूवाला बरा न्हाई. खरं काय ते मला कुरुळीचा मानूस आला तवा कळलं.

त्येची बायको गेली व्हती. तिचा येकटीचा फोटू न्हवता, जोडीचाच व्हता. ती खुर्चीवर, ह्यो मागं उभा, तिच्या खांद्यावर हात ठिवलेला. त्यो म्हनला, माझी बाजू कापा, मी जिता हाय, जित्याला हार घालत न्हाईत. असलं काम तुमी हजारदा केलं आसंल. जोडीतलं येक गेलं की लोक फोटू घिऊन यायचेच, कापाया. तुमी पातं घेतलं, पट्टी ठिवली, आन थांबला.

"पाव्हनं, हात ठिवू का काढू?"

"कुठला हात?"

"तुमचा. ह्यो बगा, खांद्यावरचा."

त्यो कागदावर वाकला. मग म्हनला, "ठिवा... न्हाई, काढा. हार लागंल त्येला."

तुमी बाईच्या खांद्यावरची चार बोटं काजळीनं झाकली. बाई येकली झाली. मग कापून उरलेला अर्धा कागद तुमी त्येच्या हातात दिला. त्यो तसाच दारात उभा ऱ्हायला, सोताचाच अर्धा फोटू हातात धरून. खिशात घालंना, टाकंना. गाडीवानानं हाळी मारली तवा गेला.

त्या दिशी जेवताना तुमी म्हनला, "जोडीचा फोटू म्हंजे आज ना उद्या कापायचा फोटू."

मी म्हनलं, "मग कापा की. तवर तरी बगू दे."

तुमी ताट सारलं आन उठला. त्येच्यावर तुमचा जबाब यायचा ऱ्हायला तो ऱ्हायलाच. मी अजून म्हनते. तवर तरी बगू द्यायचं व्हतं.

आता ह्यो जो फोटू हाय त्येची गोष्ट. तुमाला ठावंच हाय, पर मला परत सांगाया पायजे, मला दुसरं काय बगाया न्हाई.

टेकचंदभाई. फाळनीत सिंधमधनं आलेला, पिंपरीच्या कँपात ऱ्हानारा फोटूवाला. बराकीत गोनपाटाचं पडदं बांधून घरं केलेली. त्यो आपल्या दुकानात नुसता बसाया यायचा, भिंतीला पाठ लावून. म्हनायचा, "भाऊ, मेरे पास कॅमेरा है, फोटो है. दीवारच नाही आहे. किधर लगाऊं?" तुमी त्येला दोन खिळं दिलं व्हतं आपल्या भिंतीवर, त्येच्या मानसांच्या फोटूंसाठी. त्येला तुमचं कोळी लई आवडायचं. त्यो म्हनला, कागदावर जाळं मेलेलं, मी तुला जितं काढून देतो, कोळनीसकट.

हिवाळा व्हता. पवनाकाठी बाभळीच्या दोन फांद्यांमधी मोठं जाळं, दवानं भरलेलं. टेकचंदभाईनं तीन पायाचा कॅमेरा उभा केला आन म्हनला, मागं काळं पायजे, न्हाईतर धागं उठनार न्हाईत. काळं कुठलं आनायचं? मी घरी जाऊन माझी चंद्रकळा आनली. लगीन झाल्यावर पहिल्या संक्रांतीला बापानं घेतलेली. नेसून नेसून जाळीगत झालेली, पर काळी ती काळी. तुमी येक टोक धरलं, मी येक. आपुन दोघं तिच्यामागं, जाळं पुढं, त्येच्यापुढं कॅमेरा.

"भाभी, थोडा ऊपर. भाऊ, तू झुकला. हिलना मत! साँस भी मत लेना!"

मी श्वास धरला. चंद्रकळंतनं ऊन गाळून येत व्हतं, बारीक बारीक ठिपकं, तुमच्या मिशीवर, नाकावर. इतक्या जवळनं मी तुमाला दिवसाउजेडी कवा बगितलं न्हवतं. बगायची रीत न्हाई.

तुमी हळूच म्हनला, "श्वास घे गं गोदे. त्येचं काय ऐकतीस."

मला हसू आलं. कापड हाललं. तिकडनं टेकचंदभाई वरडला, "अरे बाबा!"

तुमी म्हनला, "झाला का तुझा जोडीचा फोटू?"

"तोंडं कुठं हायेत त्यात?"

"तोंड तुला रोज दिसतंय की."

मग वारा सुटला. कापड फुगाया लागलं आन तुमी दटावलं, "गोदे, टोक सोडू नगं."

फोटूत काय आलं? मधी जाळं, मोत्याच्या सरी वोवल्यागत. मधी कोळीन. मागं माझी काळी चंद्रकळा. आन वर दोन कोपऱ्यांना दोन अंगठं. डावीकडं तुमचा, काचंनं नख चिरलेला. उजवीकडं माझा, आन त्येच्याखाली दोन बांगड्या. बास. टेकचंदभाईनं कागद हातात देऊन म्हनलं, "माफ करना, अंगठे आ गए." तुमी म्हनला, येऊ देत. पर त्येला फरेम केली न्हाई. पेटीत ठिवला, कापडात गुंडाळून. मी इचारलं न्हाई, का. आता वाटतं, त्यात माझा हात व्हता म्हनून. तुमी मला काचंत घालनार न्हवता.

तर ह्यो फोटू. सकाळी बबनला दावला. त्येनं उलटासुलटा केला.

"काकी, हे काय? ह्यात काका कुठे आहेत?"

"ह्यो अंगठा."

"अंगठ्याला हार घालायचा?" त्यो हसला न्हाई, हसाया आलं व्हतं तरी. चांगला हाय पोरगा, कंपनीत शिफ्ट करून तुमच्यासाठी दवाखान्यात बसला व्हता. "बरं, दुसरा नाहीच तर हा लावू. पण काकी, ही बाजू कापावी लागेल. ह्या बांगड्या तुमच्या ना?"

"माझ्याच."

"मग? जित्या माणसाच्या हाताला हार घालत नाहीत. आणि आता बांगड्याही..."

त्यो थांबला. पारू तिथंच बसली व्हती, तिनं फुडं नेलं. "बरोबर बोलतोय पोरगा. अभद्र असतं ते. येवढीशी तर पट्टी हाय कडंची, कापून टाक."

मी म्हनलं, "पारू, खऱ्या तूच फोडल्यास नदीवर, दगडानं. आता कागदावरच्या बी फोडतीस?"

पारू रडाया लागली. मी न्हाई रडले. मला तिला बोलायचं न्हवतं, ती आपली रीत करत व्हती. तिच्या वक्ताला मीच दगड उचलला व्हता.

मग बबन पातं आनाया गेला. तुमचंच पातं, तुमच्याच पट्टीसंगं. आन तवापासनं उंबऱ्यावर बसलाय, मी इचारून सांगते म्हनून. तेरावा झाला की हितं सायकलीचं दुकान निघनार हाय. कंपनीची मानसं सायकलीवर येत्यात, पंचर काढाया जागा न्हाई, ते बी बरोबर हाय. मला काय चालवता येनार व्हतं? कोळ्याच्या फरेमी उतरवून भिंतीला पाठ करून रचल्यात. भिंतीवर नुसतं चौकोन ऱ्हायलेत, आजूबाजूला धूर बसलेला आन मधी पांढरं. टेकचंदभाई येऊन आपल्या मानसांच्या दोन फरेमी काढून घिऊन गेला. काखेत धरून गेला, कुठं लावनार ते मी इचारलं न्हाई. जाताना म्हनला, "भाभी, एक बार उसका मुंह निकालने देता तो..." आन त्येचंच तोंड वाकडं झालं.

मला मागल्या खोलीत येक खिळा ठिवलाय. येकच. म्हनून पुठ्ठा खाली ठिवला आन उठले.

बबन उंबऱ्यावर हाय तवर मी मागं जाऊन रचलेल्यांतनं पहिली फरेम काढली. आपल्या जोडीची, सागाची. पाठीवरचा कागद फाडला, खिळं पकडीनं उपसलं, भुईवर टाकलं न्हाईत, वाटीत ठिवलं. काळा कागद बाहेर वढला, आन काचंपासनं सुटला तसं जाळं गेलं. तुटलं बी न्हाई, नुसतं धूर झालं. माझ्या बोटांना पांढरं लागलं. कात कुठं पडली ती दिसली बी न्हाई मला. एवढी वरसं त्येच्यावरनं भांडले, ह्ये काढा, ह्ये काढा, हितं आपला फोटू लावा. काढलं. मी जिंकले बगा. कुनासंगं?

फोटू चौकटीत बसवला. लहान पडला, चारी बाजूनं पुठ्ठ्याची पट्टी लावली. काच बसवायच्या आदी पदरानं पुसला, तुमी पुसायचे तसा. पुसाया तोंड न्हवतं, अंगठा पुसला. मग काच, मग खिळं. हात कापला न्हाई. सरस तुमच्यागत न्हाई झाला, गुठळ्या ऱ्हायल्या.

पाठीवर नाव आन गाव लिवायची रीत. गाव लिवलं, चिंचवड. नाव लिवलं न्हाई. तुमचं नाव मी कवा घेतलं न्हाई आन माझं येकलीचं लिवून काय करू. जागा मोकळी ठिवली.

हातोड्याचा आवाज ऐकून बबन आत आला.

"काकी, कापायचं राहिलं की!"

"कापायचं न्हाई."

"मग हार कसा घालायचा?"

"घालायचा न्हाई."

"हार नसेल तर लोकांना कळणार कसं, काका गेले ते?"

"मला कळलंय. बास झालं."

त्यो पातं कागदात गुंडाळून गेला. मी गेल्यावर कुनाला वाटलं तर घालंल येक हार, दोघांच्या वरनं, मग कापाया बी लागनार न्हाई. पर तवा हितं कोन आसनार? सायकलवाला थोडाच घालतोय. त्यो खिळा बी त्येला टायर अडकवाया लागंल.

आता ही फरेम माझ्यापुढं हाय. मी बगते. वाटलं व्हतं, ह्येच्याकडं बगितलं की ते दवाखान्यातलं तोंड जाईल आन चंद्रकळंमागचं येईल, मिशीवर उनाचं ठिपकं पडलेलं. लई येळ बगितलं. येत न्हाई. कापड मधी हाय. कापडामागं तुमी हाय, मी बी हाय, हसतोय बी, पर हिकडनं दिसत न्हाई. हिकडनं नुसतं काळं.

वारा सुटला तवा तुमी मला दटावलं व्हतं, गोदे, टोक सोडू नगं. बगा फोटूत. माझा अंगठा कसा पांढरा पडलाय, येवढं घट्ट धरलंय.

सोडलं तुमी.